भुलाबाईच्या अंगणात पाऊस

सण पुढे ढकला, असा सरकारी हुकूम निघालेला कधी ऐकलाय का, मैत्रिणींनो? अमेरिकेत निघाला होता. २०१२ साली ऑक्टोबरच्या २९ तारखेला 'सँडी' नावाचं वादळ न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं आडवी, विजेच्या तारा लोंबकळताहेत, घरंच्या घरं अंधारात. आणि दोनच दिवसांवर, ३१ तारखेला, तिथल्या लेकरांचा हॅलोविन. मग तिथल्या गव्हर्नरनं (तो आपल्या राज्यपालांसारखा नाही, मुख्यमंत्र्यांसारखा निवडून आलेला असतो) रीतसर आदेश काढला, की यंदाचा हॅलोविन सोमवारी, ५ नोव्हेंबरला. लेकरांच्या खाऊसाठी सरकारी कागदावर सही! मला तर ही गोष्ट वाचून आधी हसू आलं आणि मग हेवा वाटला.

हॅलोविन म्हणजे काय ते आता आपल्याकडेही पोरांना सांगावं लागत नाही, टीव्हीवर बघून त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आयांसाठी सांगते. पोरंपोरी भुताखेतांची सोंगं घेतात, संध्याकाळी टोळीनं शेजारपाजारच्या घरी जातात आणि खाऊ मागतात. न दिला तर खोडी काढू, असा लटका दम देतात. दारात भोपळा कोरून त्यात दिवा ठेवलेला. मुळात हा आयर्लंडकडचा, सुगी संपून थंडी सुरू होतानाचा सण. तिकडे म्हणे सलगम कोरून दिवा करत. लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळे मोठाले मिळाले, दिवा भोपळ्यात गेला. न्यू जर्सीत आपली मराठी माणसंही भरपूर राहतात. त्यांच्या घरातही त्या दिवशी एका खोलीत दिवाळीचा चिवडा आणि दारात चॉकलेटची टोपली, असा दुहेरी कारभार चालतो.

आता जरा विचार करा. पोरींची टोळी संध्याकाळी घरोघरी जाते, काहीतरी म्हणते आणि खाऊ घेऊन पुढच्या घरी जाते. हे आपल्याला नवं आहे का? आपल्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि आश्विनातल्या पौर्णिमेला, कोजागिरीला उठते. महिनाभर पोरी आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. गाणी म्हणायची, सासू-सासरे, नणंद, माहेर सगळ्यांचा उद्धार करायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी खडखडवायचा. खडखड वाजलं तर फुटाणे, सरसर वाजलं तर मुरमुरे, काहीच वाजलं नाही तर काय? अमरावतीत एका घरच्या आजींनी एकदा डब्यात गिलावडा ठेवला होता म्हणे. तासभर कुणाला ओळखता येईना. पोरी रडकुंडीला आल्या आणि आजी पदर तोंडाला लावून हसत बसल्या. खानदेशात हिलाच गुलाबाई म्हणतात. पुण्याकडे भोंडला, कोल्हापूरकडे हादगा. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, मातीची छोटीशी जोडी. कोजागिरीच्या रात्री त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहायचा आणि गच्चीवर दूध आटायचं. सगळा खर्च मिळून एका साडीच्या फॉलबिडिंगएवढा.

आणि नेमक्या याच महिन्यात येतो परतीचा पाऊस.

तसा पाऊस या सणाला परका नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. सप्टेंबरच्या २७ तारखेच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या पावसाला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो. भोंडला करणाऱ्या तिकडच्या बायका तर पाटावर हत्तीच काढतात आणि त्याच्याभोवती फेर धरतात. म्हणजे आपल्या आज्यांनी हा सण पावसाचा हिशोब धरूनच मांडला होता. गाणी म्हणता म्हणता सर आली की पोरी ओसरीवर पळायच्या, सर गेली की परत अंगणात. खिरापतीचे मुरमुरे तेवढे सादळायचे. मग डबा वाजत नाही, म्हणून ओळखायला अजून मजा.

मग आता काय बिघडलं? पाऊस उशिरा परततोय, हे एक. हवामान खात्यानंही २०२० साली आपल्या जुन्या तारखा बदलल्या. मान्सून देशाच्या वायव्य टोकाकडून निघायला लागण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरायचे, ती आता १७ सप्टेंबर झाली. २०२२ साली तर तो संपूर्ण देशातून निघून गेल्याचं जाहीर व्हायला २३ ऑक्टोबर उजाडला आणि २४ तारखेला लक्ष्मीपूजन होतं. रांगोळी काढायची की अंगणातलं पाणी लोटायचं, असा प्रश्न त्या वर्षी कितीतरी घरांत पडला असेल.

पण माझ्या मते खरी गोम पावसात नाही, पिकात आहे.

आपल्या आज्यांच्या वेळी वऱ्हाडात ज्वारी आणि कापूस. जुन्या गावरान ज्वाऱ्या उशिरा यायच्या, परतीच्या पावसात त्या हिरव्यागार उभ्या असायच्या. म्हणून तर आपल्याकडे स्वाती पडल्या तर मोती पिकतात असं म्हणायचे. पुढे संकरित ज्वारी आली, ती लवकर पिकायला लागली आणि पाऊस लागला की दाणा काळा पडायला लागला. मग मजुरी, रानडुकरं, भाव, सगळं जमेना. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्वारीच्या जागी सोयाबीन पसरलं. आता कोजागिरीला मखरासाठी पाच धांडे हवे असतील तर शोधत फिरावं लागतं.

सोयाबीनचा हिशोब अगदी नेटका. जूनच्या शेवटी पेरा, शंभरेक दिवसांत तयार. दसऱ्याच्या पुढेमागे सोंगणी, गंजी, मळणी. दिवाळीच्या आधी पोतं अकोल्याच्या, नाहीतर अमरावतीच्या बाजार समितीत आणि हातात रोख पैसा. कापसाचा पैसा यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळी सोयाबीनवर. पोरांचे कपडे, लेकीची भाऊबीज, किराण्याची उधारी, रब्बीचं बियाणं, सगळं त्या एका पिकातून. आणि ते पीक नेमकं त्या पंधरा दिवसांत उघड्यावर पडलेलं असतं, ज्या पंधरा दिवसांत आभाळाचा भरवसा नाही. शेंग भिजली की शेंगेतल्या शेंगेत मोड येतात. वर कडक ऊन पडलं की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणा शेतातच सांडतो. जे हाती लागतं त्यात ओलावा जास्त, म्हणून व्यापारी भाव पाडतो. सरकारी खरेदीत तर ओलाव्याची अट बारा टक्क्यांची.

तिकडे पोरांची सोंगं आणि इकडे आपली सोंगणी. दोघांचीही तारीख एकच. फरक एवढाच, की तिकडचा सण शेतापासून कधीच सुटा झाला. पाऊस आला तर तिथे एक संध्याकाळ वाया जाते, भुताचा झगा भिजतो, चॉकलेटं उरतात. आपल्याकडे पावसानं संध्याकाळही जाते आणि सणाचा पैसाही जातो.

२०१९ साल आठवा. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी वादळं उठली आणि दिवाळी उलटली तरी पाऊस काही हटेना. गंज्या काळ्या पडल्या, कापसाची बोंडं झाडावर सडली, फुटलेला कापूस पिवळा पडला. नोव्हेंबरमध्ये मदत जाहीर झाली, खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी तीन हजार दोनशे. त्यात सोंगणीची मजुरी, थ्रेशरचं भाडं, बियाण्याची पिशवी यातलं काय काय बसतं, ते ज्या घरी शेती आहे तिनं सांगावं. योगायोग बघा, त्याच आठवड्यात कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरानं वादळी वारा-पावसाचा अंदाज बघून ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन १ नोव्हेंबरवर नेला. तिथे महापौर बाईच होत्या. त्यांच्यावर टीकाही बरीच झाली म्हणे, आमच्या वेळी आम्ही पावसातच फिरायचो वगैरे. हे वाक्य तर आपल्या ओळखीचं आहे!

२०२५ ची गोष्ट तर अजून ताजी आहे. सप्टेंबरभर मराठवाड्यात आणि आपल्याकडे पाणीच पाणी. ६ ऑक्टोबरला कोजागिरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये होता, बाजारात माल त्याच्या बराच खाली विकला गेला. दिवाळी होऊन आठवडा झाला नाही, तोच २८ ऑक्टोबरला आंध्रच्या किनाऱ्यावर 'मोंथा' वादळ धडकलं आणि त्याचं शेपूट विदर्भावरून फिरलं. सोयाबीन आधीच गेलं होतं, आता कापूस भिजला.

हे सगळं सणांच्या सदरात कशाला, असं वाटेल. पण सांगा, आपल्या घरातली दिवाळी कोण काढतं? बाजारात कापड बघणारी, करंजीच्या सारणात खोबरं कमी करून रवा वाढवणारी, 'मला काही नको, गेल्या वर्षीची साडी घडी मोडलेली नाही' असं म्हणणारी बाईच असते. पाऊस शेतात पडतो आणि कात्री घरात चालते. ती कात्री आधी कुठे लागते, हे गेली काही वर्षं मी जरा लक्ष देऊन बघतेय.

बाईची साडी पहिली जाते, ते तर ठरलेलंच. मग माहेरी जाणं. 'यंदा राहू दे, पावसानं काही राहिलं नाही तिकडेही', असं सासरी म्हणतात आणि ते खोटंही नसतं. आणि मग जाते ती भुलाबाई. यात मात्र मला काही केल्या तर्क सापडत नाही. फटाक्यांची पिशवी येते. मंडळाच्या वर्गणीला नाही म्हणता येत नाही. कोजागिरीला मंडप, ऑर्केस्ट्रा, डीजे ठरलेला असेल आणि पाऊस आला तर माणसं रात्री अकरापर्यंत आभाळाकडे बघत थांबतात, ताडपत्री आणतात, जनरेटर आणतात. दसऱ्याचा रावण भिजून पेटत नसेल तर त्यावर डिझेल ओतून पेटवतात, पण पेटवतातच. आणि पोरींची गाणी? 'पाणी येतंय, चला घरात, अभ्यास करा.' झालं! ज्याला दमडीचा खर्च नाही ते सगळ्यात आधी रद्द. एका दिवशी रद्द झालं की दुसऱ्या दिवशी कुणी बोलावत नाही. आठ दिवसांनी भुलाबाई कोनाड्यात एकटीच बसलेली असते.

हे फक्त गाण्यांचं नुकसान नाही. गावात, वाड्यात, कॉलनीत पोरींना संध्याकाळी एकमेकींच्या घरी जायला हक्काचं निमित्त किती असतात? पोरांना मैदान आहे, पार आहे, चौक आहे. पोरींना भुलाबाईचा एक महिना आहे. त्या एका महिन्यात तिला चार घरांचं आतलं दिसतं. कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या घरी अजून गॅस आलेला नाही, कुणाचे बाबा कुणाशी बोलत नाहीत, हे सगळं पोरींना कळतं आणि घरी येऊन त्या सांगतात. ज्या साली पीक बुडतं त्या साली तर हे कळणं फार गरजेचं असतं. आपला अमरावती विभाग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला गेला. २००६ साली पंतप्रधानांना विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावं लागलं, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. अशा घरातली बाई मदत मागायला दुसरीच्या दारात जात नाही. पण तिची पोर खिरापतीला येते आणि दुसरीची तिच्या घरी जाते.

मग करायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे. पाऊस आला तर पोरींचा कार्यक्रम रद्द करायचा नाही, पुढे ढकलायचा. आणि ढकलताना तारीख सांगूनच ढकलायचा. 'बघू पुढे' नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, तिथी कशी ढकलता येईल? तिथी कोण ढकलतंय! पूजा तिथीलाच होऊ द्या. घरातल्या घरात दोन फुलं वाहायला आणि दुधाचा नैवेद्य दाखवायला पाऊस आड येत नाही. ढकलायचा आहे तो पोरींचा मेळा. आणि खरं सांगू, आपण ढकलतोच की. २०२३ साली २८ ऑक्टोबरला कोजागिरी होती आणि त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. कुणी वेध लागायच्या आत दूध घेतलं, कुणी दुसऱ्या दिवशी. कुणाचाही धर्म बुडाला नाही. २०२० साली अधिक आश्विन आला म्हणून अख्खं नवरात्र महिनाभर लांबलं आणि कोजागिरी ३० ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्या आदल्याच रात्री आली. पंचांगच जर आपल्याला सांभाळून घेतं, तर आपण पोरींना सांभाळून घ्यायला काय हरकत आहे?

जागेचं म्हणाल तर ती शोधली की सापडते. अमरावती-अकोल्यात आता प्रत्येक अपार्टमेंटला खाली पार्किंग आहे. दोन तास चार गाड्या बाहेर काढल्या तर वीस पोरी आरामात मावतात, आवाज तर असा घुमतो की विचारू नका. गावात देवळाचा सभामंडप असतो, शाळेचा व्हरांडा असतो. शाळेचं कुलूप उघडायला मात्र आधी विचारून ठेवा, ऐन वेळी किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका गावाला गेलेला असतो. खिरापतीसाठी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, प्लॅस्टिकचा नको. त्यात मुरमुरे सादळतातही आणि वाजतही नाहीत. धांडे मिळत नसतील तर मखराला तुराट्या चालतील, अकोल्याकडे तुरीला काही तोटा नाही. फक्त ऑक्टोबरात तूर हिरवी उभी असते, म्हणून गेल्या वर्षीच्या तुराट्या चुलीत जायच्या आत पाच बाजूला ठेवाव्या लागतील.

एक गोष्ट मात्र अगदी बजावून सांगते. ऑक्टोबरचा पाऊस शांत नसतो, दुपारनंतर विजांसकट येतो. विजा कडाडत असताना गच्चीवर दूध आटवायला उभं राहायचं नाही, चंद्र ढगाआडून येईल म्हणून वाट बघत पोरींना वर ठेवायचं नाही. दूध खाली, स्वयंपाकघरात तेवढंच गोड लागतं. शेतात असाल तर झाडाखाली तर मुळीच थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप काढलेलं आहे, आसपास वीज पडण्याचा संभव असला की ते सूचना देतं. घरात एकाच्या तरी फोनवर ते असावं.

आता पुढे कधी ढकलायचं, हा प्रश्न. आम्हा शहरातल्या बायकांना वाटतं, रविवारी. रविवारी सुट्टी, ऊनही पडलेलं असेल, सगळ्या येतील. मीही असंच म्हणत होते, पण दर्यापूरकडच्या एका गावात राहणारी, सोयाबीन सोंगायला जाणारी एक मावशी आमच्या ओळखीची आहे. ती म्हणाली, "ताई, पाणी आलं तं आमची मजुरी बुडते, पन आमी घरी तं राह्यतो. ऊन पडलं का मंग रविवार काय अन् सोमवार काय, अंधार पडेलोक वावरात. पोरगीबी संगं येते शेंगा येचाले. तुमच्या रविवारच्या गान्याले तिले धाडाले मी घरी नसतो."

बघा, कसं उलटं आहे! पाऊस पडला की शहरातल्या पोरींचा सण बुडतो. गावात मजूर बाईच्या पोरीला सणाला मोकळीक मिळते ती पावसाच्या दिवशीच. त्या दिवशी घरात पैसा येत नाही, पण आई घरी असते. आणि उघाड पडली की चार दिवसांत सोंगणी उरकायची म्हणून गावातली एकूण एक बाई शेतात. त्या चार दिवसांत कार्यक्रम ठेवला तर तो फक्त शेतमालकिणींच्या आणि नोकरदारांच्या पोरींचा होतो. कापसाचंही तसंच. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात शिंपडून सीतादही करतात. त्या दिवशी बायका सणाच्या मूडमध्ये असतात खऱ्या, पण दुसऱ्या दिवसापासून किलोवर मजुरी, मग कोण थांबणार?

म्हणून मला आता वाटतं, की छोट्या गावांनी न्यू जर्सीचं सगळंच उचलू नये. त्यांनी तारीख पुढे नेली. आपण गावात ती चक्क पावसाच्या दिवशीच धरावी. सकाळपासून झड लागली, शेतात जायचं नाही असं ठरलं, की दुपारी सभामंडपात भुलाबाई. निरोप पोरीच देतील घरोघरी, त्यांना तेवढंच हवं असतं. खिरापत जिच्या घरी जे असेल ते. चार फुटाणे, गुळाचा खडा, भाजलेल्या शेंगा, काहीही. त्यात मोठेपणा करायचा नाही. ज्या घरचं सोयाबीन बाहेर भिजतंय त्या घरून काहीच आलं नाही तर विचारायचं नाही, आणि त्या घरच्या पोरीनं खिरापत ओळखली तर पहिला घास तिला.

खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला तर परतीचा पाऊस हवाच असतो. बरोबर आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना विहिरीचं पाणी खारं, ओलीत करता येत नाही. ऑक्टोबरात जमिनीत जी ओल राहील तिच्यावरच हरभरा येतो. तिथे या पावसाला कुणी सरसकट वाईट म्हणत नाही. गंजी झाकायला ताडपत्री धरून उभी असलेली बाईच मनात म्हणत असते, थोडा अजून पड, हरभऱ्याला लागशील. शहरात बसून आभाळाला शिव्या देताना हेही ध्यानात असलेलं बरं.

आणि कॉलनीवाल्यांनो, तुम्ही रविवारच ठेवा, पण फक्त आपल्या जिन्यातल्या पोरींना बोलावून थांबू नका. तुमच्याकडे धुणंभांडी करायला येणारी बाई असते, तिची पोरगी असते. तिला कोणत्या वेळी यायला जमतं, ते तिच्या आईला विचारून मग वेळ ठरवा. बहुतेक ती संध्याकाळी सातनंतरची सांगेल, दुसरं घर आटोपून. मग सातनंतर ठेवा. खिरापत ओळखायला अंधार बराच असतो, आणि पाऊस आलाच तर पार्किंगचा दिवा तेवढा दुरुस्त करून ठेवा. तो दिवा तीन महिन्यांपासून बंद आहे, हे सोसायटीच्या सचिवांना आजच सांगा.